दर आठवड्याला एक पेनी : ब्रिस्टलच्या वर्गसभेचे प्रकरण

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या कुटुंबाच्या घरी सतरंजी अंथरून प्रार्थनासभा भरते आणि तिला बहुतेक ठिकाणी ‘कॉटेज मीटिंग’ असेच म्हणतात. ही सभा नव्याने सुरू करायची किंवा रोडावलेली पुन्हा उभी करायची म्हटले, की मंडळीच्या कमिटीत पहिली चर्चा होते ती विषयाची : यंदा कोणते पत्र अभ्यासायला घ्यावे, वचन सांगायला कोणाला बोलवावे, तरुणांसाठी वेगळी वेळ ठेवावी की नाही. या चर्चेत काही गैर नाही. परंतु आठवड्याच्या मधल्या दिवशी भरणाऱ्या लहान संगतीचे जे प्रकरण सर्वांत तपशिलाने नोंदले गेले आहे, त्यात विषय मुळी नव्हताच. तेथे होते एका इमारतीचे कर्ज, एक वही आणि दर आठवड्याला दार ठोठावणारा माणूस. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात १७४२ साली घडलेले हे प्रकरण म्हणून येथे सविस्तर मांडतो.

कर्ज कसे झाले

जॉन वेस्ली हे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक होते. त्यांचे सहकारी उपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड यांच्या बोलावण्यावरून ते १७३९ च्या मार्चअखेर ब्रिस्टलला आले आणि २ एप्रिलला त्यांनी प्रथमच उघड्यावर उपदेश केला. मंदिराबाहेर उपदेश करणे ही गोष्ट तोवर त्यांना स्वतःलाच जवळजवळ पाप वाटत असे. पुढच्या दीड महिन्यात ऐकणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली, की शहरातील निकोलस स्ट्रीट आणि बाल्डविन स्ट्रीट येथे भरणाऱ्या दोन मंडळांना एकत्र बसायला जागा पुरेना. म्हणून हॉर्सफेअर भागात १२ मे रोजी ‘न्यू रूम’ या इमारतीचा पाया घातला गेला. मेथडिस्टांची, म्हणजे वेस्लींच्या चळवळीतील लोकांची, जगातील सर्वांत जुनी इमारत ती हीच.

बांधकामाची जबाबदारी वेस्लींनी अकरा विश्वस्तांवर सोपवली होती. परंतु लंडनहून व्हिटफील्ड आणि इतर मित्रांनी कळवले, की विश्वस्त ठेवाल तर आमच्याकडून एक पैही मिळणार नाही, कारण तुमचा उपदेश त्यांना रुचला नाही तर तुम्हीच बांधलेल्या जागेतून ते तुम्हाला बाहेर काढतील. वेस्लींना ते पटले आणि त्यांनी विश्वस्त रद्द केले. याचा सरळ परिणाम असा झाला, की पैसा हाताशी नसताना सगळे देणे त्यांच्या एकट्याच्या नावावर आले. कर्ज लवकरच दीडशे पौंडांवर गेले आणि दोन्ही मंडळांच्या वर्गण्या त्याच्या चौथाईलाही पुरेनात. आपल्याकडे मंदिराच्या छताचे किंवा पाळकांच्या घराचे काम अर्धवट राहिलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या परिस्थितीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

१५ फेब्रुवारी १७४२ ची बैठक

त्या दिवशी मंडळातील बरेच लोक या कर्जाचे काय करायचे ते ठरवायला जमले. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले, की फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावा. लगेच हरकत आली, की आपल्यातील अनेकांना तेवढेही परवडणारे नाही. त्यावर त्या गृहस्थाने दिलेले उत्तर हा या प्रकरणाचा खरा आरंभबिंदू आहे. त्याचा आशय असा, की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, त्यांनी काही दिले तर उत्तम, आणि ज्याला देता येणार नाही त्याचा पेनी मी माझ्या पेनीबरोबर भरीन. तुम्हीही प्रत्येकाने शेजारच्या अकरा जणांना असेच सांभाळा.

ठराव झाला. मंडळाचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडायचे, त्यांना ‘वर्ग’ म्हणायचे, आणि प्रत्येक वर्गातील एकाने जमा गोळा करून आठवड्याच्या आठवड्याला कारभाऱ्यांकडे पोचवायची. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड या जुन्या हिशेबाने पूर्ण भरलेल्या वीस वर्गांतून आठवड्याला एक पौंड येतो, म्हणजे दीडशे पौंड फिटायला जवळपास तीन वर्षे. भिशीत आणि यात फरक एवढाच, की येथे नंबर लागून रक्कम परत मिळण्याची सोय नव्हती. पण ठरलेल्या माणसाने ठरलेल्या वारी दारात उभे राहणे आणि त्यामुळे घराची खबर आपोआप लागणे, हा भाग भिशी चालवणाऱ्या बायकांना नेमका कळेल.

तसेच झाले. काही आठवड्यांतच वर्गणी गोळा करणारे वेस्लींना सांगू लागले, की अमुक माणूस दारू पिऊन पडलेला दिसला, तमुक घरात भांडण चालले आहे. शेकडो लोकांच्या मंडळात कोण कसा जगतो आहे हे कळायला त्यांच्याकडे तोवर मार्गच नव्हता. आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच, हे त्यांच्या तत्काळ ध्यानात आले असे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे. २५ मार्चला लंडनमध्ये त्यांनी काही समंजस माणसांना बोलावून हीच अडचण मांडली आणि तेथेही ब्रिस्टलसारखे वर्ग पाडायचे ठरले. पेनीची फेरी आता माणसांची विचारपूस करणारी फेरी झाली होती.

फेरीची सभा का झाली

सुरुवातीला पुढारी प्रत्येकाच्या घरी जात असे. ही पद्धत का सोडावी लागली याची वेस्लींनी दिलेली कारणे अत्यंत व्यावहारिक आहेत आणि आजही घरभेटी करणाऱ्या कोणालाही ती पटावीत. एकतर बारा घरे फिरण्यात पुढाऱ्याचा फार वेळ जाई. दुसरे असे, की अनेक सभासद मालकांच्या किंवा नातलगांच्या घरात राहत होते, आणि ती मंडळी पुढाऱ्याला उंबरा ओलांडू देत नसत. आत घेतले तरी एकांतात बोलू देत नसत. शिवाय दोघांमधली तक्रार असेल तर एकाच्या घरी बसून तिचा निकाल लागत नसे, दोघे समोरासमोर यावे लागत. म्हणून वर्गातील सर्वांनीच आठवड्यातून एकदा एका ठिकाणी जमावे असे ठरले. मोलकरणी, शिकाऊ कारागीर आणि चाकरीतील तरुण यांना मालकाच्या घराबाहेर आपले म्हणता येईल असा एक तास त्यामुळे मिळाला. माझ्या मते या बदलाचे महत्त्व नेहमी लिहिले जाते त्याहून अधिक आहे.

सभेचे स्वरूप साधे होते. एक गीत, एक प्रार्थना, मग पुढारी आधी स्वतःच्या आठवड्याबद्दल बोले आणि त्यानंतर एकेकाला विचारी, की तुझ्या जिवाचे कसे चालले आहे. कोणाला धीर, कोणाला सल्ला, कोणाला कानउघाडणी. १७४३ साली जॉन आणि चार्ल्स या वेस्ली बंधूंनी छापलेल्या नियमांत पुढाऱ्याची कर्तव्ये हीच सांगितली आहेत. आठवड्यातून निदान एकदा प्रत्येकाला भेटावे, गरिबांच्या साह्यासाठी कोणी काही देईल ते घ्यावे, आणि आजारी किंवा वाकड्या वाटेने चाललेल्यांची खबर पाळक व कारभाऱ्यांना आठवड्याला द्यावी, असे ते नियम म्हणतात. वर्गणीचा हेतू आता गरिबांचे साह्य असा नोंदलेला आहे, हेही लक्षात घ्यावे. वचनाचा अभ्यास या सभेत मुख्य नव्हता. त्यासाठी उपदेश होते, पहाटेच्या सभा होत्या. वर्गात वाचले जाई ते प्रत्येकाचे सरलेले सात दिवस.

मेथडिस्टांमध्ये याआधीही लहान गट होते. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बंधुजनांकडून घेतलेल्या त्या गटांना ‘बँड’ म्हणत, आणि त्यांत पुरुष-स्त्रिया, विवाहित-अविवाहित असे वेगवेगळे बसवून एकमेकांपुढे पापकबुली होत असे. ते गट आधीच पुढे गेलेल्यांसाठी होते. वर्ग मात्र शेजारावरून पाडले गेले, म्हणून त्यांत म्हातारा विणकर, विशीतली मोलकरीण आणि नुकताच आत आलेला दारुडा हे एकत्र बसू शकत. मंडळात येण्याची अट एकच होती : येणाऱ्या क्रोधापासून पळण्याची आणि पापांपासून सुटण्याची इच्छा. नीतिमत्तेचा पुरावा आत येताना मागत नसत. तो आत राहण्यासाठी द्यावा लागे.

मुलांची बाजू

लहान मुले या वर्गांत बसत नसत. त्यांच्यासाठी वेस्लींनी उपदेशकांना स्वतंत्र नियम घालून दिला, की मंडळात जेथे दहा मुले असतील तेथे आठवड्यातून निदान एक तास त्यांना जमवावे. मला हे देणगीच नाही, असे म्हणणाऱ्या उपदेशकाला त्यांचे उत्तर खडखडीत होते : देणगी असो वा नसो, हे करायचेच, नाहीतर मेथडिस्ट उपदेशक होण्यासाठी तुम्हाला पाचारण झालेले नाही.

ही कल्पना त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती. एप्वर्थ गावच्या पाळकगृहात त्यांची आई सुझाना वेस्ली हिने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ राखून ठेवली होती. सोमवार एकीचा, मंगळवार दुसरीचा, आणि गुरुवार जॉनचा. वडील लंडनला गेलेले असताना १७११-१२ च्या हिवाळ्यात तिने रविवारी घरच्यांसाठी चालवलेल्या वाचनाला गावकरी येऊ लागले आणि संख्या दोनशेवर गेली. मदतनीस पाळकाने तक्रार केली, पतीने पत्रातून नाराजी कळवली. तिने उत्तर पाठवले, की थांबवायचेच असेल तर इच्छा सांगू नका, स्पष्ट आज्ञा द्या. पुढे ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झालेल्या जॉननी आईला लिहिले, की पूर्वी गुरुवारी संध्याकाळी मला देत होतीस तेवढा थोडा वेळ आताही देता आला तर दे. मधल्या वारच्या संगतीचे बीज कोठे पडले असावे याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

न्यूकॅसलचा हिशेब

कोणतीही संगती चालवणारे लोक आलेल्यांची संख्या सांगतात. गेलेल्यांची सहसा सांगत नाहीत. वेस्लींनी ती सांगितली, हे या प्रकरणाचे सर्वांत मोलाचे अंग आहे. १२ मार्च १७४३ च्या दैनंदिनीत त्यांनी उत्तर इंग्लंडातील न्यूकॅसलच्या मंडळातून ३० डिसेंबरपासून कोण बाहेर पडले आणि का, हे मोजून ठेवले आहे. स्वतःहून गेलेले ७६, काढून टाकलेले ६४.

स्वतःहून गेलेल्या ७६ पैकी १४ जण, बहुतेक इतर पंथांचे, असे होते की मंडळात राहिल्यास त्यांचे पाळक त्यांना प्रभुभोजन देणार नव्हते. पती किंवा पत्नीची इच्छा नाही म्हणून ९, आईवडिलांची नाही म्हणून १२, मालक-मालकिणीची नाही म्हणून ५ : म्हणजे २६ जण केवळ घराच्या आणि चाकरीच्या दडपणाखाली गेले. ओळखीच्यांनी मन वळवल्यामुळे ७, लोक मंडळाबद्दल वाईट बोलतात म्हणून ५, हसे होऊ नये म्हणून ९. गरिबांना मिळणारा भत्ता बंद होईल या भीतीने ३. यायला वेळ नाही म्हणून ३ आणि फार लांब पडते म्हणून २. दोघे तर मंडळात एक विशिष्ट माणूस आहे एवढ्याच कारणाने गेले. हे कारण ज्या मंडळीत कधी घडले नाही अशी मंडळी दाखवणाऱ्याला मी मानीन. आणखी एकाचे म्हणणे होते, की देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे.

आज सभा रोडावली की आपण ‘लोकांना वेळ नाही’ असे सहज म्हणतो. वेळ आणि अंतर मिळून या यादीत पाच नावे आहेत, आणि घर, चाकरी व लोकलाज मिळून सत्तेचाळीस. १७४३ च्या न्यूकॅसलचे प्रमाण आजच्या पुण्याला किंवा अहिल्यानगरला लावता येणार नाही हे उघड आहे. तरी गैरहजर माणसाला कारण विचारून ते लिहून ठेवले, तर मिळणारे उत्तर आपल्या अंदाजाहून वेगळे निघू शकते, एवढे तरी ही यादी दाखवते.

काढलेल्या ६४ ची यादीही तितकीच बोलकी आहे. दारूबाजीसाठी १७, दारू विकल्याबद्दल २, शिव्याशाप देण्यासाठी २, शब्बाथ वारंवार मोडल्याबद्दल २, भांडणतंट्यासाठी ३, सराईत खोटेपणासाठी ३, निंदानालस्तीसाठी ४, आळसासाठी १. बायकोला मारल्याबद्दल १. उरलेले २९ हे उथळपणा आणि निष्काळजीपणा यासाठी. बायकोला मारणे हा त्या काळी घरातला खासगी मामला समजला जात असता एका धार्मिक मंडळाने त्यासाठी माणूस बाहेर काढावा, हे वर्गपुढारी दर आठवड्याला भेटत होते म्हणूनच शक्य झाले. उलट ‘उथळपणा’ या सैल शब्दाखाली जवळपास निम्मी माणसे गेली, हे वाचताना मात्र मन साशंक होते. तो कोणी ठरवला, कशावरून ठरवला, याचा खुलासा यादीत नाही.

तिकीट आणि तक्रारी

काढून टाकण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक सभासदाशी बोलून त्याला एक छापील तिकीट देत, त्यावर बहुधा एखादे वचन असे, आणि ते दाखवल्याशिवाय मंडळाच्या सभेत प्रवेश नसे. ज्याला काढायचे त्याला नवे तिकीट मिळत नसे, एवढेच. गाजावाजा न करता बेशिस्त सभासद दूर करण्याची ही शांत रीत वेस्लींना फार सोयीची वाटली. सोयीची ती होतीच; परंतु ज्याला तिकीट मिळाले नाही त्याची बाजू ऐकणारे वरचे कोणी नव्हते. विचारपूस आणि पाळत यांच्यातली रेघ पातळ असते. वर्गसभा तिच्या दोन्ही बाजूंना वावरत होती, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

तक्रारी तेव्हाही झाल्या. आम्ही आलो तेव्हा अशा सभा नव्हत्या, आता का? या सभांना शास्त्रात आधार कोठे आहे? पुढारी अडाणी आहेत, ते आम्हाला काय शिकवणार? वेस्लींनी वर्गसभेला देवाने नेमलेला विधी म्हटले नाही. अनुभवावर आणि विचारावर उभी केलेली ही एक सोय आहे, अधिक चांगली दिसली तर बदलू, असे त्यांचे उत्तर होते. पुढाऱ्यांच्या उणिवाही त्यांनी नाकारल्या नाहीत. अपात्र असेल त्याचे नाव कळवा, बदलून देतो, असे सांगितले. या मोकळेपणामुळेच पुढारीपण शिकलेल्यांच्या किंवा दीक्षितांच्या हाती अडकून राहिले नाही, आणि स्त्रियांनाही ते मिळाले. सेरा क्रॉस्बी या वर्गपुढारी १७६१ च्या फेब्रुवारीत डर्बी येथे तीसएक जणांचा वर्ग घ्यायला गेल्या, तर दोनशेच्या आसपास माणसे जमली. एकेकाची विचारपूस करणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी उभे राहून सगळ्यांना उद्देशून बोलायला सुरुवात केली आणि मग आपले चुकले का असे वेस्लींना लिहून विचारले. तुम्ही मर्यादा ओलांडलेली नाही, असे त्यांनी कळवले. मेथडिस्टांतील स्त्रियांच्या उपदेशाची वाट अशा रीतीने वर्गातूनच निघाली.

नुसता उपदेश करून संगती न बांधण्याचे फळ वेस्लींनी १७६३ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधील पेम्ब्रोकशर येथे पाहिले. तेथे वीस वर्षे उपदेश झाला होता, पण मंडळे नाहीत, शिस्त नाही. जागे झालेल्या दहांपैकी नऊ जण पूर्वीपेक्षा गाढ झोपलेले आढळले. १७९१ साली वेस्लींचे निधन झाले तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंड मिळून सभासदांची संख्या सत्तर हजारांवर होती, आणि त्यांतील प्रत्येकाचे नाव कोणत्या ना कोणत्या वर्गाच्या वहीत होते.

उतार, आणि मुंबई

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. वर्गात हजर राहणे ही सभासदत्वाची अट होती. अट म्हणून येणारे वाढले तशी उत्तरे ठरावीक होत गेली, पुढारी तेच, प्रश्न तोच, साक्षही दर आठवड्याला तीच. आठवड्याला पेनी आणि तिमाहीला शिलिंग ही रीत उरली, पण घेणाऱ्याने आत डोकावणे कमी झाले. प्रार्थनासभा आणि शब्बाथशाळा यांनी आठवड्यातली जागा व्यापली. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीने १८६६ साली ही अट काढूनच टाकली.

नेमक्या याच सुमारास ही रीत मुंबईत नव्याने रुजली. विल्यम टेलर हे कॅलिफोर्नियात रस्त्यांवर उपदेश करून नावारूपाला आलेले अमेरिकन मेथडिस्ट सुवार्तिक १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले. त्यांच्या सभांमधून वळलेली माणसे मुख्यत्वे इंग्रजी बोलणारी होती, आणि त्यांना बसवायला टेलर यांच्याकडे ना मंदिर होते ना मिशनचा पैसा. त्यांनी या लोकांचे घरोघरी भरणारे लहान गट पाडले आणि प्रत्येक गटावर एक पुढारी नेमला. १८४८ पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे आणि पूर्वी अमेरिकन मराठी मिशनशी जोडलेले जॉर्ज बोवेन हेही पुढे त्यांना येऊन मिळाले. १८७२ साली या गटांतूनच मुंबईची मेथडिस्ट मंडळी रीतसर स्थापन झाली. ब्रिस्टलला आधी इमारत होती, मग कर्ज, मग वर्ग; मुंबईत दिवाणखान्यांतले गट आधी उभे राहिले, आणि दर आठवड्याला एकमेकांच्या दारी जाणाऱ्या त्या लोकांवर फेडायला कोणत्याही इमारतीचे देणे नव्हते.